ऑफिसातल्या दोन संगणकांवर एकच पासवर्ड डेटाबेस: कीपासएक्ससी आणि सिंकथिंगची जोडणी, पहिल्यापासून

कर सल्लागाराच्या किंवा हिशेबनिसाच्या छोट्या ऑफिसात दोन संगणक असतात आणि पक्षकार शंभराच्या पुढे. प्रत्येकाचा जीएसटीचा युजर आयडी, आयकर पोर्टलचा पासवर्ड, कुणाचा व्यवसाय कराचा, कुणाचा ई-वे बिलाचा. हे सगळं बहुतेक ठिकाणी एका एक्सेल फाइलमध्ये नाहीतर जाडजूड वहीत असतं. एका संगणकावर पासवर्ड बदलला जातो, दुसऱ्यावर जुनाच राहतो, आणि रिटर्न भरायच्या शेवटच्या दिवशी चुकीचा पासवर्ड टाकत राहिल्यामुळे खातं कुलूपबंद होतं.

यावर खर्च न करता, इंटरनेटवर काहीही न ठेवता उपाय करता येतो. पासवर्ड कीपासएक्ससीच्या कूटबद्ध (म्हणजे मुख्य पासवर्डशिवाय वाचता न येणाऱ्या) डेटाबेसमध्ये ठेवायचे आणि तो डेटाबेस सिंकथिंगने ऑफिसच्या राउटरवरूनच एका संगणकावरून दुसऱ्यावर न्यायचा. दोन्ही सॉफ्टवेअर मुक्त आहेत आणि विंडोज, लिनक्स, मॅक तिन्हींवर चालतात. बाहेरचं इंटरनेट बंद पडलं तरी राउटर चालू असेपर्यंत जुळवणी सुरू राहते.

इथे मी पायऱ्या विंडोज धरून लिहिल्या आहेत. मेनूंची नावं देवनागरीत दिली आहेत, पडद्यावर तीच इंग्रजीत दिसतील. पत्ते आणि आकडे टाइप करताना कीबोर्ड इंग्रजीवर ठेवा.

शेअर्ड फोल्डर का नको

पहिल्यांदा हाच विचार मनात येतो: फाइल एका संगणकावर ठेवू, फोल्डर शेअर करू, दुसरीकडून उघडू. चालतं ते. पण पहिला संगणक बंद असला की दुसऱ्याचं काम अडतं. लॅपटॉप घरी नेला की पासवर्ड ऑफिसातच राहतात. शिवाय फाइल एकच असल्याने ती बिघडली तर दोघांचीही बिघडते.

सिंकमध्ये प्रत्येक संगणकावर आपापली पूर्ण फाइल असते. दोघे एकमेकांना दिसले की नवीन बदल इकडून तिकडे जातात. मध्ये तिसरा सर्व्हर लागत नाही. मात्र दोन प्रती म्हटल्या की त्या एकाच वेळी वेगवेगळ्या बदलल्या जाण्याची शक्यता आलीच. त्या वेळी काय करायचं हे ज्याला कळलं त्याला ही व्यवस्था कधी दगा देत नाही, म्हणून तो भाग खाली सविस्तर लिहिला आहे. बाकीच्या पायऱ्या घाईत वाचल्यात तरी चालेल, तो भाग मात्र सावकाश वाचा.

सुरू करण्यापूर्वी

दोन्ही संगणक एकाच राउटरला जोडलेले हवेत. एक केबलने आणि दुसरा वायफायने असला तरी हरकत नाही. मात्र एखादा संगणक पाहुण्यांसाठीच्या गेस्ट वायफायवर असेल तर दोघे एकमेकांना दिसणार नाहीत, कारण गेस्ट वायफाय बहुधा त्यासाठीच वेगळं ठेवलेलं असतं.

दोन्हींची घड्याळं तपासा. विंडोजच्या तारीख-वेळेच्या सेटिंगमध्ये वेळ आपोआप लावण्याचा पर्याय चालू ठेवा. कोणता बदल नवा आणि कोणता जुना हे पुढे वेळेवरूनच ठरणार आहे. जुन्या डेस्कटॉपची सीमॉस बॅटरी (घड्याळ चालू ठेवणारी आतली छोटी बॅटरी) संपली असेल तर तो दरवेळी सुरू होताना जुन्याच तारखेवर जातो. ती बॅटरी आधी बदला.

आणि सध्याच्या एक्सेल फाइलची एक प्रत पेन ड्राइव्हवर घेऊन बाजूला ठेवा. सगळं नीट चालल्याची खात्री झाली की ती नष्ट करायची आहे.

डेटाबेस तयार करणे

दोन्ही संगणकांवर कीपासएक्ससीच्या अधिकृत संकेतस्थळावरून एकच आवृत्ती उतरवून घ्या. डेटाबेस मात्र एकाच संगणकावर तयार करायचा. दुसऱ्यावर तो सिंकमधूनच येईल.

आधी डी ड्राइव्हवर एक नवं फोल्डर करा. नाव साधं ठेवा आणि इंग्रजी अक्षरांत लिहा, समजा ‘तिजोरी’ (Tijori). डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्स ही फोल्डरं टाळा, कारण विंडोजमध्ये ती अनेकदा वनड्राइव्हला जोडलेली असतात. मग एकाच फाइलवर दोन सिंक एकाच वेळी काम करायला लागतात आणि गोंधळ होतो.

आता कीपासएक्ससीमध्ये ‘क्रिएट डेटाबेस’. डेटाबेसचं नाव द्या. कूटबद्धतेच्या पानावर आधीच निवडलेलं असतं ते तसंच राहू द्या. नंतर मुख्य पासवर्ड. हा एकच पासवर्ड लक्षात ठेवायचा आहे, त्यामुळे तो लांब असू द्या. एकमेकांशी संबंध नसलेले पाच-सहा शब्द सलग घेतले तर लक्षातही राहतात आणि ओळखायलाही कठीण जातात. ऑफिसचं नाव, गाडीचा नंबर, जन्मतारीख यांतलं काही नको. हा पासवर्ड विसरलात तर डेटाबेस कुणालाही उघडता येत नाही. तो परत मिळवून देणारी कंपनी मागे उभी नसते. म्हणून कागदावर लिहून बंद पाकिटात, कुलपाच्या कपाटात ठेवा.

जास्त सुरक्षा हवी असेल तर सोबत की-फाइल (पासवर्डबरोबर लागणारी, किल्लीसारखी वेगळी फाइल) जोडता येते. जोडलीत तर ती ‘तिजोरी’ फोल्डरमध्ये ठेवू नका. दुसऱ्या संगणकावर ती पेन ड्राइव्हने स्वतः न्या.

फाइल ‘तिजोरी’ फोल्डरमध्ये जतन करा. तिच्या नावाच्या शेवटी केडीबीएक्स लागतं.

एक्सेलमधली यादी हाताने पुन्हा टाइप करायची गरज नाही. एक्सेलमध्ये ‘सेव्ह ॲज’ करून प्रकार निवडताना ‘सीएसव्ही यूटीएफ-८’ हाच निवडा. यादीत साधा सीएसव्हीही दिसतो, पण त्याने जतन केलंत तर देवनागरीत लिहिलेल्या पक्षकारांच्या नावांच्या जागी नुसती प्रश्नचिन्हं उरतात. मग कीपासएक्ससीच्या ‘इम्पोर्ट’मधून ती फाइल घ्या आणि कोणता रकाना शीर्षकाचा, कोणता युजरनेमचा, कोणता पासवर्डचा हे सांगा. आयात झाल्यावर दहा-बारा नोंदी उघडून मूळ यादीशी ताडून पाहा. ती सीएसव्ही फाइल उघड्या मजकुरात असते, त्यामुळे काम झाल्याबरोबर पुसा आणि रिसायकल बिनही रिकामी करा.

आता कीपासएक्ससीच्या सेटिंग्जमध्ये, ‘जनरल’ भागात तीन गोष्टी पाहा. प्रत्येक बदलानंतर आपोआप जतन करणे: चालू. फाइल बाहेरून बदलली तर डेटाबेस आपोआप पुन्हा वाचणे: चालू. जतन करण्यापूर्वी मागची प्रत ठेवणे: चालू. पहिल्या दोन्ही सेटिंग सिंकसाठी आवश्यकच आहेत. दुसरीकडून आलेला बदल तुमच्या उघड्या खिडकीत दिसतो तो दुसऱ्या सेटिंगमुळे. ही सेटिंग्ज दोन्ही संगणकांवर करा. ‘सिक्युरिटी’ भागात काही मिनिटं काम थांबलं की डेटाबेस आपोआप कुलूपबंद होण्याचीही सोय आहे. ऑफिसात लोकांची ये-जा असते, तेव्हा तीही लावा.

सिंकथिंग बसवणे

सिंकथिंग २०१३ पासून मुक्त प्रकल्प म्हणून विकसित होत आहे. त्याला स्वतःची खिडकी नाही, ते मागे चालत राहतं आणि त्याचं नियंत्रण ब्राउझरमधून करायचं. विंडोजसाठी ‘सिंकथिंग विंडोज सेटअप’ नावाचा इन्स्टॉलर मिळतो, त्याने बसवलंत तर लॉग-इन केल्यावर सिंकथिंग आपोआप सुरू होतं. विंडोज फायरवॉलने विचारलं तर ‘प्रायव्हेट नेटवर्क’साठी परवानगी द्या, ‘पब्लिक’साठी नको. आणि ऑफिसचं नेटवर्क विंडोजने ‘प्रायव्हेट’ म्हणून नोंदवलं आहे ना, हे नेटवर्कच्या सेटिंगमध्ये जाऊन पाहा. जोडणी न होण्यामागे अनेकदा हेच कारण असतं.

ब्राउझरमध्ये १२७.०.०.१:८३८४ हा पत्ता उघडा. या पानाला पासवर्ड लावा अशी सूचना दिसेल. ‘सेटिंग्ज’मधल्या ‘जीयूआय’ भागात युजरनेम आणि पासवर्ड लावून टाका. वापराची माहिती पाठवायची का, असंही विचारलं जाईल. होय-नाही काहीही चालेल. जुन्या आवृत्तीत ‘डिफॉल्ट फोल्डर’ नावाचं एक फोल्डर आपोआप तयार झालेलं दिसतं, ते काढून टाका.

दोघांची ओळख करून देणे

प्रत्येक सिंकथिंगला स्वतःचा डिव्हाइस आयडी असतो: ५६ अक्षरं, सात-सातच्या आठ गटांत. ‘ॲक्शन्स’मध्ये ‘शो आयडी’ केलं की दिसतो. तो गुप्त नाही, कुणाच्या हाती पडला तरी तेवढ्यावरून काही होत नाही. जोडणी होण्यासाठी दोन्ही बाजूंनी एकमेकांना मान्यता द्यावी लागते, आणि पुढची सगळी देवाणघेवाण कूटबद्ध होते.

पहिल्या संगणकावर ‘ॲड रिमोट डिव्हाइस’ दाबा. दुसरा संगणक त्याच नेटवर्कवर असेल तर त्याचा आयडी रकान्याखाली आयताच सुचवला जातो. तो निवडण्यापूर्वी दुसऱ्या पडद्यावरच्या आयडीशी जुळवून पाहा. दोन्ही संगणक एकाच खोलीत आहेत, मिनिटाचं काम आहे. नाव द्या, ‘काउंटर’, ‘आतली खोली’, जे बोलण्यात असेल ते. जतन केल्यावर थोड्या वेळात दुसऱ्या संगणकाच्या पानावर विनंती येईल, ती स्वीकारा. दोन्हीकडे ‘कनेक्टेड’ दिसलं की ओळख झाली.

नाही दिसलं तर? सिंकथिंग शेजारचा संगणक शोधण्यासाठी यूडीपी २१०२७ हा पोर्ट (नेटवर्कवर ये-जा करण्याचं क्रमांकाचं दार) वापरतं आणि फाइली नेण्यासाठी २२०००. काही अँटिव्हायरसचे स्वतःचे फायरवॉल हे पोर्ट अडवतात, तिथे परवानगी द्यावी लागते. तेवढ्यानेही जमलं नाही तर राउटरमध्ये दोन्ही संगणकांना कायमचे आयपी पत्ते राखून द्या. मग सिंकथिंगमध्ये त्या डिव्हाइसच्या ‘एडिट’, ‘ॲडव्हान्स्ड’मध्ये पत्त्याच्या रकान्यात ‘डायनॅमिक’ असतं त्या जागी थेट पत्ता लिहा: टीसीपी, कोलन, दोन तिरप्या रेघा, मग १९२.१६८.१.१० असा जो असेल तो पत्ता, आणि शेवटी कोलन २२०००. असं केल्यावर शोधाशोधीचा प्रश्नच राहत नाही.

आता दोन्ही संगणकांवर ‘सेटिंग्ज’, ‘कनेक्शन्स’ उघडा. ‘ग्लोबल डिस्कव्हरी’, ‘इनेबल रिलेइंग’ आणि ‘नॅट ट्रॅव्हर्सल’ या तिन्हींची खूण काढा. ‘लोकल डिस्कव्हरी’ राहू द्या. यानंतर सिंकथिंग बाहेरच्या शोध-सर्व्हरना विचारत नाही, मध्यस्थ रिले सर्व्हरमार्गे काही पाठवत नाही, आणि राउटरला बाहेरून दार उघडायला सांगत नाही. पक्षकारांच्या पासवर्डांचा व्यवहार ऑफिसच्या चार भिंतींत राहावा असं मला ठामपणे वाटतं, मग फाइल कितीही पक्की कूटबद्ध असो.

फोल्डर जोडणे

पहिल्या संगणकावर ‘ॲड फोल्डर’. लेबल काहीही द्या. ‘फोल्डर पाथ’मध्ये डी ड्राइव्हवरच्या ‘तिजोरी’चा मार्ग लिहा. ‘शेअरिंग’मध्ये दुसऱ्या संगणकापुढे खूण करा. जतन केलं की दुसऱ्या संगणकावर विचारणा येईल. तिथे ‘ॲड’ करताना मार्ग नीट पाहा. सिंकथिंग स्वतःच्या मनाने एखादी जागा सुचवतं, तिच्याऐवजी तिथल्या डी ड्राइव्हवरचं रिकामं फोल्डर द्या. फोल्डरचा प्रकार दोन्हीकडे ‘सेंड अँड रिसीव्ह’.

‘फाइल व्हर्जनिंग’ दोन्ही संगणकांवर चालू करा. ‘सिंपल’ निवडून पाच-दहा जुन्या प्रती ठेवल्या तरी पुरे, कारण फाइल लहान असते. दोन्हीकडे का, तर सिंकथिंग जुनी प्रत बाजूला ठेवतं ते दुसऱ्या संगणकाकडून बदल आला तरच. तुम्ही स्वतःच्या संगणकावर केलेल्या बदलाची जुनी प्रत तुमच्याकडे ठेवली जात नाही, ती समोरच्याकडे ठेवली जाते.

थोड्याच वेळात दुसऱ्या फोल्डरमध्ये केडीबीएक्स फाइल दिसेल. कीपासएक्ससीमधून उघडा, मुख्य पासवर्ड द्या.

आता तपासणी. पहिल्या संगणकावर ‘चाचणी’ नावाची नोंद करा. फाइल बदलल्यावर सिंकथिंग साधारण दहा सेकंद थांबतं आणि मग पाठवतं. दुसऱ्या संगणकावर नोंद दिसली की तिचा पासवर्ड तिथे बदला आणि पहिल्यावर पाहा. दोन्ही दिशांनी चाललं की ‘चाचणी’ पुसून टाका आणि प्रत्यक्ष कामाला लावा.

दोघांनी एकाच वेळी बदल केला तर

महिन्याची ११ तारीख, २० तारीख. जीएसटीआर-१ आणि ३बी ही जीएसटीची रिटर्न भरायची मुदत. दोन्ही संगणकांवर काम जोरात चालू आहे. लॅपटॉप सकाळी एका पक्षकाराकडे नेला होता, तिथे एक पासवर्ड बदलला. ऑफिसात त्याच वेळी दुसऱ्याच पक्षकाराचा बदलला गेला. दुपारी लॅपटॉप ऑफिसात परत येतो आणि दोन वेगवेगळ्या फाइली समोरासमोर येतात.

सिंकथिंगला आतल्या नोंदी दिसत नाहीत. त्याच्या दृष्टीने ती एक बंद पेटी आहे, पूर्ण न्यायची किंवा पूर्ण ठेवायची. दोन्ही बाजूंना फाइल बदललेली दिसली की ते नंतर बदललेली फाइल मूळ नावाने ठेवतं आणि आधीची पुसत नाही, तर तिच्या नावात ‘सिंक-कॉन्फ्लिक्ट’, तारीख, वेळ आणि संगणकाची खूण घालून शेजारी ठेवतं. दोन्ही संगणकांवर ती दिसते. इथे नवखा माणूस घाबरून ती अनोळखी फाइल पुसून टाकतो, आणि लॅपटॉपवरचा सकाळचा पासवर्ड तिच्याबरोबर जातो. ती फाइल पुसू नका. एका बाजूचं पूर्ण काम तिच्यात आहे.

नोंदी वाचून एकत्र करण्याचं काम कीपासएक्ससीचं. हे काम दोघांपैकी एकाच संगणकावर करायचं, आणि ते कुणी करायचं हे आधीच ठरलेलं असावं. दुसऱ्याने तेवढा वेळ डेटाबेस कुलूपबंद करून हात बाजूला ठेवायचे.

मूळ नावाची फाइल उघडा. ‘डेटाबेस’ मेनूमध्ये ‘मर्ज फ्रॉम डेटाबेस’ निवडा आणि ती सिंक-कॉन्फ्लिक्टवाली फाइल दाखवा. मुख्य पासवर्ड विचारला जाईल, तो तोच. कीपासएक्ससी प्रत्येक नोंद तिच्या आतल्या कायमच्या ओळख क्रमांकावरून जुळवतं. एकाच बाजूला असलेली नवी नोंद घेतली जाते. एका बाजूला बदललेली नोंद बदललेल्या रूपात येते. एकच नोंद दोन्हीकडे बदलली असेल तर नंतरचा बदल वर राहतो आणि आधीचा त्या नोंदीच्या ‘हिस्टरी’मध्ये जातो. घड्याळं जुळवून घ्या म्हटलं होतं ते या टप्प्यासाठी. लॅपटॉपचं घड्याळ एक तास पुढे असेल तर जुना पासवर्ड नवा म्हणून वर बसतो.

जतन करा. आता नोंदी डोळ्यांखालून घाला: त्या दिवशी बदललेल्या दोन्ही पक्षकारांचे पासवर्ड बरोबर आहेत का, एखादी पुसलेली नोंद परत आली आहे का. शंका असेल तिथे ‘हिस्टरी’ उघडून तारखा पाहा. दुसऱ्या संगणकावर एकत्र झालेली फाइल पोचल्याचं दिसलं, तिथेही त्याच नोंदी दिसल्या, की मगच सिंक-कॉन्फ्लिक्टवाली फाइल पुसा. एकीकडे पुसली की दुसरीकडचीही जाते.

दोन्ही संगणक सतत जोडलेले असतील तर अशी वेळ क्वचित येते, कारण दुसरीकडचा बदल लगेच तुमच्या उघड्या डेटाबेसमध्ये येतो. नेमका तेव्हाच तुमचा एखादा बदल जतन व्हायचा राहिला असेल तर कीपासएक्ससी विचारतं, एकत्र करू का. ‘मर्ज’ म्हणा. घाईत दुसरं बटण दाबू नका.

बाहेरून आल्यावर एक सवय मात्र लावून घ्या: लॅपटॉप राउटरला जोडला की आधी सिंकथिंगचं पान पाहायचं, ‘अप टू डेट’ दिसलं आणि फोल्डरमध्ये सिंक-कॉन्फ्लिक्टवाली फाइल नाही याची खात्री झाली की मग डेटाबेस उघडायचा. ऑफिसच्या संगणकावर काम करणाऱ्यालाही हे माहीत असू द्या.

हेच टॅलीला चालेल का

हा प्रश्न हमखास विचारला जातो, आणि उत्तर नाही असं आहे. कीपासएक्ससीची फाइल लहान असते आणि दरवेळी पूर्ण नव्याने लिहिली जाते, म्हणून ती अशी नेता येते. टॅलीच्या कंपनीचं फोल्डर, किंवा एसक्यूलाइट या डेटाबेसवर चालणारी कॅलिबर (ई-पुस्तकांसाठी), झोटेरो (संदर्भांसाठी) यांसारखी सॉफ्टवेअर काम चालू असताना फायलींच्या आत तुकड्या-तुकड्याने लिहीत असतात. मधल्याच क्षणी एखादी फाइल दुसरीकडे गेली तर तिथे अर्धवट डेटा पोचतो आणि तो उघडेनासा होऊ शकतो. शिवाय तिथे दोन प्रती झाल्या तर कीपासएक्ससीसारखी नोंदवार एकत्र करण्याची सोय हाताशी नसते. टॅलीसाठी टॅलीचीच व्यवस्था वापरा. एकाच नेटवर्कवर अनेकांनी काम करायचं तर त्यासाठी गोल्ड परवाना आहे, आणि दोन ठिकाणचा डेटा जुळवण्यासाठी टॅलीत स्वतःचं सिंक्रोनायझेशन आहे.

नंतरची काळजी

सिंक म्हणजे बॅकअप नव्हे. एकाने नोंद पुसली की ती दोन्हीकडून जाते, फाइल बिघडली की बिघाडही इमानाने दुसरीकडे पोचतो. आठवड्यातून एकदा केडीबीएक्स फाइलची तारीख घातलेली प्रत पेन ड्राइव्हवर घ्या आणि तो पेन ड्राइव्ह ऑफिसबाहेर ठेवा. पहिल्या बॅकअपनंतर ती प्रत खरोखर उघडते का हे एकदा करून पाहा, आणि मग सुरुवातीला बाजूला ठेवलेली एक्सेल फाइल सगळीकडून पुसा. तो टप्पा टाळलात तर सगळे पासवर्ड त्या एक्सेलमध्ये उघडेच पडून राहतील.

दोन्ही सॉफ्टवेअरच्या नव्या आवृत्त्या दोन्ही संगणकांवर एकाच दिवशी घ्या.

एखादा सहकारी नोकरी सोडून गेला आणि लॅपटॉप त्याचा स्वतःचा असेल तर सिंकथिंगमधून ते डिव्हाइस काढा. पण त्याच्याकडे पोचलेली फाइल तिथेच राहते आणि मुख्य पासवर्ड त्याला माहीत आहे. तुम्ही मुख्य पासवर्ड बदललात तरी त्याच्याकडची जुनी फाइल जुन्याच पासवर्डने उघडत राहील. त्यामुळे पक्षकारांचे पासवर्ड खुद्द पोर्टलवर बदलावे लागतात. चालू महिन्यात रिटर्न असलेले आणि ज्यांचा परतावा यायचा आहे ते आधी घ्या. बदललेल्या प्रत्येक नोंदीला एक टॅग लावत गेलात तर किती राहिले ते कीपासएक्ससीच्या शोधात लगेच दिसतं.